घरमालकाने भाडं वाढवलं? "ओके काका" टाइप करायच्या आधी करार काढा

रविवारी सकाळी कांदे चिरत होते आणि फोन वाजला. मालक काकांचा मेसेज, "ताई, पुढच्या महिन्यापासून २६ करा, आपल्या एरियात रेट वाढलेत." आमचं भाडं तेव्हा २२ हजार, पुण्यात वारज्यात, वन बीएचके. मी हात पुसून "ओके काका" टाइप पण केलं होतं, सेंड करायच्या आधी नवरा म्हणाला थांब, करार कधी संपतोय ते तरी बघ. बघितलं तर अजून पाच महिने बाकी होते!

हा लेख त्या पाच महिन्यांमुळे लिहितेय. शिवाय माझं लहानपण नारायण पेठेत वाड्यात भाड्याने गेलंय, आजोबांच्या भाडेपावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या आणि त्या डब्याला कोणी हात लावला की आजोबा ओरडायचे. तेव्हा हसू यायचं. आता माझ्याकडे डब्याऐवजी फोनमध्ये पीडीएफ आहे, पण भाडेवाढीचं भांडण तेव्हाही कागदावर ठरायचं आणि आजही तिथेच ठरतं.

आधी तो "४ टक्के" वाला गैरसमज

ऑफिसात कोणालाही विचारा, उत्तर येतं, "अगं कायद्याने वर्षाला ४ टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही." हे अर्धं खरंय आणि अर्धं खरं असलेलं जास्त गोत्यात आणतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ११ मध्ये ४ टक्के आहेत हे बरोबर. पण ते "भाडेकरू" साठी आहेत. आपण फ्लॅट घेतो तो बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरू नसतोच, आपण लायसन्सी, आपल्याला फक्त ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी दिलेली असते. मुदत संपली की मालक ४ काय ४० टक्के मागू शकतो, आपण नाही म्हणू शकतो, बस. ४ टक्क्यांचं कलम तोंडावर फेकून काका गप्प बसतील असं वाटत असेल तर विसरा, काकांचा एजंट एका वाक्यात तुम्हाला गप्प करेल.

आणि दुसरं, अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरतं ना, "नवीन भाडे कायदा, डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं, भाडं वाढवायला तीन महिने आधी नोटीस", ते केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या मॉडेल कायद्यातलं आहे. मॉडेल म्हणजे नमुना, राज्याने स्वतः कायदा केला तर तो लागू. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. तो फॉरवर्ड मालकाला पाठवून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

पहिलं काम: आपल्या हातात कुठला कागद आहे ते बघा

पुण्यात साधारण तीन प्रकारची माणसं भाड्याने राहतात आणि तिघांचे नियम वेगळे.

एक, रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्सवाले. हिंजवडी, वाकड, बाणेर, कोथरूड, खराडी सगळीकडे हेच. तुमच्या मेलवर एजंटने पाठवलेली पीडीएफ असेल, सोबत इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या कराराचा सरकारी गोषवारा. नसेल तर एजंटच्या मागे लागून आजच घ्या.

दोन, जुने भाडेकरू. पेठांमधले वाडे, जुन्या चाळी, पागडीच्या (म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम देऊन घेतलेल्या) खोल्या. भाडं दोनशे-पाचशे-हजार, पावती आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावाची. ४ टक्के यांच्यासाठी आहेत.

तीन, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून राहणारे, किंवा नुसत्या तोंडी बोलीवर. यांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही. गंमत म्हणजे कायदा इथे मालकाला जास्त धरतो. कलम ५५ म्हणतं की करार लेखी असला पाहिजे, रजिस्टर झालाच पाहिजे आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि रजिस्टर्ड करार नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली होती याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. ११ महिन्यांचा करार रजिस्टर करायची गरज नसते हे जे आपण ऐकत आलोय ते १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्यातल्या "एक वर्षावरच्या भाडेपट्ट्या"वरून आलंय, महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही, इथे ११ महिने असोत की ६, रजिस्टर करायचाच.

लीव्ह अँड लायसन्स असेल तर

करार उघडा आणि चार गोष्टी शोधा. सुरू कधी आणि संपतो कधी. दर महिन्याची रक्कम काय लिहिलीय, आणि मुदत ११ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर पुढच्या महिन्यांसाठी वेगळा आकडा लिहिलाय का (बऱ्याच करारात ५ किंवा १० टक्के वाढ आधीच टाकलेली असते आणि आपण सही करताना वाचलेलं नसतं). नोटीस पिरियड किती, बहुतेक एक महिना असतो. आणि लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) आहे का, असेल तर किती आणि दोघांना लागू आहे की फक्त आपल्याला, हे नीट वाचा कारण काही एजंट फक्त आपल्यावर टाकतात.

मुदत चालू आहे आणि वाढीचा आकडा करारात नाहीये, तर मधेच भाडं वाढत नाही. विषय संपला. "रेट वाढले" हे कारण नाही, "मुलाचं लग्न आहे" हे पण नाही. पण एक लक्षात ठेवा, करारात एक महिन्याची नोटीस मालकालाही देता येत असेल आणि लॉक-इन नसेल किंवा संपलं असेल, तर तो "वाढ देत नाही ना, मग महिन्यात खाली करा" म्हणू शकतो. म्हणून उत्तर देताना ताठ नको आणि गुळमुळीत पण नको. मी काकांना हे पाठवलं:

"नमस्कार काका. आपला करार अमुक तारखेपर्यंत आहे आणि त्यात २२,००० ठरलेत, तोपर्यंत तेच देत राहीन, वेळेवर. पुढच्या करारासाठी वाढीबद्दल मुदत संपायच्या दोन महिने आधी भेटून बोलू. घर आम्हाला आवडलंय, राहायचंच आहे."

शेवटचं वाक्य मुद्दाम. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळींचा मेसेज टाकायचाच, "आत्ता बोललो त्याप्रमाणे..." असा. आणि त्या महिन्याचं भाडं नेहमीपेक्षा एक दिवस आधी, बँकेतून, रोख अजिबात नाही. वाढीचा वाद चालू असताना भाडं थांबवणं हा सगळ्यात मोठा मूर्खपणा, आपली बाजू बरोबर असताना आपणच थकबाकीदार होतो. आणि वाढीव रक्कम एकदा जरी न बोलता भरली तरी मग पुढे "तुम्ही मान्य केलंच होतं की" ऐकावं लागतं.

मुदत संपत आली असेल तर: इथे कायदा नाही, हिशोब

इथे तुमच्या बाजूने कुठलं कलम नाही हे आधी मान्य करा, मग बरं वाटतं. आता दोन्ही बाजूंचा हिशोब कागदावर मांडा.

काकांची बाजू. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर वर्षाच्या भाड्यातला बारावा हिस्सा, म्हणजे ८ टक्क्यांच्या वर गेलेच. वर रंग, साफसफाई, नवीन माणूस कसा निघेल ही धाकधूक. म्हणजे ८-९ टक्के वाढीसाठी चांगला माणूस घालवणारा मालक खरं तर तोट्यात जातो, फक्त हे त्याला कोणीतरी शांतपणे दाखवावं लागतं.

आपली बाजू. मी आमच्याच रस्त्यावर तीन सोसायट्यांमध्ये विचारलं, वॉचमनला विचारा, ॲपवरच्या आकड्यांवर जाऊ नका, ते मागणीचे आकडे असतात, ठरतं त्याच्या खाली. आमच्यासारखा फ्लॅट २३,५०० ला मिळत होता. पण शिफ्ट व्हायचं म्हणजे एजंटला एक महिन्याचं भाडं २३,५००, टेम्पो-हमाल १० हजार, गॅस-वायफाय-पडदे वगैरे अडीच हजार, झाले ३६ हजार. ११ महिन्यांत वाटले तर महिन्याला ३,२७० च्या आसपास. म्हणजे नवीन घर आम्हाला खरं २६,७७० ला पडणार होतं! हिशोब झाल्यावर मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो, काकांचे २६ हजार परवडत होते की. अर्थात हे काकांना सांगायचं नसतं. आणि खरा मुद्दा हा की २६ मान्य केले की पुढच्या वर्षीची वाढ २६ वर लागणार, त्यामुळे पहिल्या वर्षीचा आकडा खाली ठेवण्यासाठी थोडी घासाघीस केलीच पाहिजे.

काकांनी मग कारणं सांगायला सुरुवात केली. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला आकार, घेते म्हणाले. घेते, पण २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, म्हणजे सर्व्हिस चार्जेस २,५०० असतील तर २५०. अडीचशेसाठी चार हजार कसे? मग म्हणाले महापालिकेची ४० टक्के सवलत जाते. तेही खरंय, मालमत्ताकरातली ती सवलत पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळते, भाड्याने दिलं की जाते. पण आम्ही आधीपासूनच राहतोय ना, म्हणजे तो खर्च कालही होता, तो २२ हजारांत धरलेलाच होता. हे मी चहा पिता पिता म्हणाले, आवाज न चढवता. काकू आतून म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती." तिथेच निम्मं काम झालं.

ठरलं ते असं, २३,५००, पण २२ महिन्यांचा करार, दुसऱ्या ११ महिन्यांना ५ टक्के म्हणजे २४,६७५, आणि बाथरूमचा गळका नळ नि स्वयंपाकघरातली फरशी मालकाच्या खर्चाने. माझं मत विचाराल तर लांब मुदतीचा, वाढ आधीच लिहिलेला करार हाच सगळ्यात स्वस्त पडतो. दरवर्षीचं ते पोटात गोळा येणं वाचतं.

एक वेळेची गोष्ट पण सांगते. जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात, पोरं घरं शोधत फिरत असतात, तेव्हा मालक तोऱ्यात असतो. करार त्या दिवसांत संपत असेल तर बोलणी मार्च-एप्रिललाच उरका.

ठरलं की लगेच रजिस्टर करा

"जुनाच करार चालू ठेवू, काय गरज खर्चाची" असं मालक गोड बोलून म्हणतो. नाही. लीव्ह अँड लायसन्स आपोआप वाढत नाही, संपला की संपला. नवीन करार ऑनलाइन होतो, एजंट लॅपटॉप आणि ठशांचं मशीन घेऊन घरी येतो, आधार लागतं, दोन साक्षीदार, अर्ध्या तासाचं काम. स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आमचे २२ महिन्यांचे, ७० हजार डिपॉझिट धरून, साधारण चौदाशे झाले, वर महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. एजंटने यावर किती लावलेत ते आता तुम्हाला कळेल. सही करायच्या आधी ड्राफ्ट वाचा, जुन्या करारातून कॉपी-पेस्ट करताना जुना आकडा किंवा भलतीच तारीख राहून जाते, आमच्यात डिपॉझिटच्या जागी आधीच्या कोणाची तरी रक्कम होती.

जमलंच नाही तर

मुदतीच्या आत घर सोडा. हे मी कळकळीने सांगतेय. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहिलात तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे वाद चालवायला सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करू शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, जोपर्यंत ताबा देत नाही तोपर्यंत. तिथून समन्स आलं तर हातात ३० दिवस असतात, तेवढ्यात बाजू मांडायची परवानगी मागणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, नाही दिलं तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश होतो. चार-आठ दिवस जास्त लागणार असतील तर मालकाकडून तसं लेखी घ्या, मेसेज पण चालेल, किती तारखेपर्यंत आणि किती भाड्याने ते लिहून.

पण याचा अर्थ मालक स्वतः येऊन कुलूप बदलू शकतो असा नाही. त्यालाही त्या प्राधिकाऱ्याकडूनच जावं लागतं.

वाड्यातले, चाळीतले जुने भाडेकरू

आता आजोबांचा डबा. मालकाचा नातू वकिलामार्फत नोटीस पाठवतो, "भाडे ९०० वरून ५,००० करावे, अन्यथा १५ दिवसांत जागा खाली करावी." घरात रडारड. शांत व्हा, पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख लागते. कुठल्या दिवशी हातात पडली ते मागे लिहून ठेवा.

९०० चे ४ टक्के म्हणजे ३६ रुपये. एवढी वाढ वर्षाला मागायचा मालकाला हक्क आहे, ती नाकारू नका. महापालिकेचा कर वाढला असेल तर तेवढी वाढ वेगळी मागता येते, पण बिल दाखवून. घरात सुधारणा केल्या म्हणून वाढ हवी तर त्याला ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते आणि वर्षाची वाढ त्या खर्चाच्या १५ टक्क्यांच्या आत. बाकी ५,००० ला कलमात जागा नाही. (अपवाद आहेत, बँका, सरकारी कंपन्या, १ कोटी किंवा जास्त भांडवलाच्या कंपन्या यांना हा कायदा लागू नाही, तुमच्या-माझ्या घरांचा त्याच्याशी संबंध नाही.)

आणि १५ दिवस? कलम १५ काय म्हणतं, भाडेकरू कायदेशीर भाडं आणि मान्य वाढ देतोय किंवा द्यायला तयार आहे तोपर्यंत त्याला थकबाकीच्या नावाखाली काढता येत नाही. थकबाकी असलीच तर लेखी मागणीच्या नोटिशीनंतर ९० दिवस जाईपर्यंत दावाच लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, १५ टक्के साधं व्याज आणि खर्चासकट कोर्टात भरली आणि पुढे नियमित भरत राहिलात तर त्या कारणावरून घर जात नाही. त्या ९० दिवसांत झोपून राहणारे लोक मी बघितलेत, मग घर जातं ते नोटिशीमुळे नाही, आळसामुळे.

म्हणून करायचं काय तर वकिलाकडून किंवा स्वतः उत्तर, स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह (वेगळं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं), "९०० अधिक कायद्याने देय वाढ द्यायला तयार आहे, सोबत पाठवत आहे, ५,००० अमान्य." मालकाने भाडं घेतलंच नाही तर मनीऑर्डर, परत आली तर "घेण्यास नकार" हा पोस्टमनचा शेरा असलेला कागद डब्यात. भाड्याची पावती देणं मालकावर कलम ३१ प्रमाणे बंधनकारक आहे, मागा. भाडं किती हाच वाद असेल तर प्रमाणित भाडं, म्हणजे कायद्याने योग्य भाडं, ठरवून मागण्याचा अर्ज लघुवाद न्यायालयात करता येतो, आपल्याकडे शिवाजीनगर कोर्टात.

छप्पर गळतंय, जिना मोडलाय आणि वर भाडेवाढ, हे वाड्यात हमखास. दुरुस्ती मालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन त्याने केली नाही तर स्वतः करून भाड्यातून वळती करता येते, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ९०० भाड्यात वर्षाला २,७०० होतात, त्यात कौलं पण नीट बसत नाहीत, पण नोटीस दिलेली असणं पुढे उपयोगी पडतं.

पाणी बंद, लाइट बंद

वाढ दिली नाही म्हणून मालकाने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, मीटर काढायचा अर्ज दिला, असले प्रकार होतात. कलम २९ मध्ये हे स्पष्ट गुन्हा आहे, पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छता सगळं त्यात येतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कोर्ट पुरवठा परत सुरू करायला लावतं. व्हिडिओ काढा, तारीख-वेळ दिसेल असा, महावितरणचं भरलेलं बिल जवळ ठेवा, पोलीस चौकीत लेखी तक्रार देऊन शिक्का मारलेली प्रत घ्या. धमकी-बिमकी असेल तर ११२.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे मोफत वकील मिळतो. बायकांना उत्पन्नाची अट नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. फोन १५१००.

घर सोडताना

वाढीवर जमलं नाही की मालकाचा राग डिपॉझिटवर निघतो, "रंगाचे १५ हजार, साफसफाईचे ५" वगैरे. करारात रंगाचं काय लिहिलंय तेवढंच लागू, नेहमीच्या वापराने मळलेली भिंत म्हणजे नुकसान नाही. राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर सोडतानाचे त्याच कोनातून काढा. शेवटचा महिना "डिपॉझिटमधून वळता करा" हे तोंडी ठरवू नका. किल्ली द्यायच्या दिवशी मालकाला घरी बोलवा, मीटरचं रीडिंग दोघांच्या समोर फोटोत घ्या, शेवटचं वीजबिल आणि मेंटेनन्सची पावती दाखवा, आणि एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने डिपॉझिट बँकेत जमा झाल्याचा मेसेज. "दोन दिवसांत टाकतो" म्हणाला तर किती टाकणार आणि किती तारखेला हे त्याच्या फोनवरून आपल्याला पाठवून घ्यायचं, तो तिथे उभा असतानाच, मग किल्ली.